घरातलं स्थळ

तुमच्या घरात मामाची पोरगी कोणाला दिली आहे?

आजोबा-पणजोबांचं नका सांगू. तुमच्या पिढीतलं सांगा. तुम्ही आमच्या भागातले असाल तर बोटांवर मोजावं लागेल, आणि मोजता मोजता वाटेल की यात विचारण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. माझ्या वडिलांना त्यांच्या मामाची मुलगी दिली. म्हणजे माझी आई सख्ख्या आत्याच्या घरी सून म्हणून आली. लग्नात रडायचीसुद्धा तिला गरज पडली नाही, असं ती हसत सांगते. मी यातून सुटले ते केवळ माझ्या आत्याला मुलगा नाही म्हणून.

आमच्याकडे लग्न जमवताना 'घरातलंच स्थळ आहे' एवढं कुणी म्हटलं की पुढच्या सगळ्या चौकशा थांबतात. पोरगा पितो का, सासू कशी आहे, शेताला पाणी आहे का, सगळं आधीच माहीत असतं. या वाक्यानं माझ्या भावाला त्याचे हात दिले. आणि त्याच वाक्यात त्याला दुसऱ्यांदा गुंतवायला सगळे निघाले होते, तेव्हा काय झालं ते मी इथे लिहिते आहे.

आमचं गाव परतूर तालुक्यात, वाटूरपासून जवळ. कापूस, सोयाबीन, विहिरीच्या जिवावर थोडी मोसंबी. रविवारी सकाळी आई एका घमेल्यात कोमट पाणी घ्यायची, त्यात मीठ टाकायची आणि दादा पाय सोडून बसायचा. हात दुसऱ्या पातेल्यात. कातडी भिजून पांढरी पडली की आई दाढीचं ब्लेड घ्यायची आणि टाचेपासून खरडायला सुरुवात करायची. पिवळट, मेणासारखे कपचे खाली पडायचे. दादा तोंडातून आवाज काढायचा नाही. ब्लेड खोल गेलं तर फक्त पायाचा अंगठा वर व्हायचा, तेवढ्यावरून आईला कळायचं.

कपचे पडायला खाली कागद अंथरलेला असायचा. तो कागद म्हणजे अण्णांची उरलेली पत्रकं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते शेती करायचे आणि उरलेल्या वेळात भांडायचे. जालन्याहून छापून आणलेल्या पत्रकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून धान्याच्या कणगीमागे ठेवलेले असायचे. आठवडी बाजारात अण्णा ती वाटत, आणि त्यांचं बोट धरून मीही. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. 'ग्रहणात विळीवर फक्त भाजी चिरली जाते, बाळाचा ओठ नाही.' 'अंगात येतं ते देवाचं नसतं, घरातल्या जाचाचं असतं.' हुंड्यावर पत्रक होतं, पाणवठ्यावर होतं, बुवांवर तर किती होती. माझ्या वयाच्या पोरी उखाणे पाठ करत होत्या तेव्हा मी ही वाक्यं पाठ करत होते. आजही माझा राग त्याच टायपात छापलेला आहे.

जगातल्या प्रत्येक अंधारावर आमच्या घरात एक पत्रक होतं. दादाच्या हातांवर नव्हतं.

दादा जन्मला तेव्हा चांगला होता म्हणे. काही महिन्यांनी तळहात लाल झाले. दोन वर्षांचा होईपर्यंत तळहात आणि तळपाय पिवळे, जाड, कडक झाले. वयाबरोबर ही जाडी मनगटापर्यंत आली आणि जिथे थांबली तिथे एक लाल रेघ उमटली, कुणीतरी हातमोजे चढवून कडेला शिलाई मारावी तशी. बोटं थोडी आत वळलेली. उन्हाळ्यात टाचा फुटून त्यातून रक्त यायचं. पावसाळ्यात कातडी ओली राहून वास यायचा, म्हणून शाळेत त्याला दाराजवळ बसवायचे. कापूस वेचायला गेला की बायका म्हणायच्या, "ह्याला बोंडं टोचतच न्हाईत. देवानं हातमोजे घालूनच धाडलाय ह्याला." तो हसायचा. त्याला बोंडं टोचत नव्हती हे खरं होतं. पण कापूस मऊ असतो हेही त्याला हातानं कधी कळलं नाही.

गावानं कारण कधीच ठरवून टाकलं होतं. आईनं गरवारपणी बांधावर पडलेली सापाची कात ओलांडली. म्हणून पोराच्या अंगावर कात चढली आणि ती उतरत नाही. अण्णा यावर पारावर उभे राहून भांडले. "रोग आहे, शाप न्हाई!" त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. मला केवढा अभिमान वाटायचा. शाळेत मी तेच ओरडत होते.

शाप नाही एवढं सिद्ध झालं की अण्णांचं काम संपायचं. मग आहे काय, हे त्यांनी विचारलं नाही. आई मात्र गप्प असायची. कारण तिला बांधावरची ती कात खरंच आठवत होती.

दादा मोठा झाला आणि त्यानं वाटूर फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. रस्ते तिथे एकत्र येतात, गिऱ्हाईक तुटत नाही. गरम चाकाला तो सरळ हात घालायचा. ट्रकवाले बघायला थांबायचे. त्याच हातांमुळे त्याला रेशनच्या दुकानात मात्र उभं केलं जात नव्हतं. मशीनवर अंगठा उठायचा नाही. दुकानदार दरवेळी म्हणायचा, "तुझ्या अंगठ्यावर काही उमटंनाच. मायला पाठव." रांगेतला एखादा लगेच जोडायचा, "सरकारलाबी वाचता येईना झालंय हे पोरगं." सगळे हसायचे, दादाही. त्याच्या हसण्याचा मला फार राग यायचा.

लग्नाचं वय झालं. दादाची एकच अट होती, आधी हात दाखवायचे. राजूरच्या पुढे भोकरदनकडच्या एका गावात आम्ही मुलगी बघायला गेलो. बैठकीत पोहे आले, आणि दादानं ताटली हातात घ्यायच्या आधी दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवले. मुलीच्या बापानं वाकून पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"लागण होती का ह्याची?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मंग पोराबाळाला होतंय का?"

अण्णा पोह्यांत चमचा फिरवू लागले. बाप म्हणाला, "पोरगा बिलकुल चांगला हाय, पाव्हणं. पण आमच्या पोरीनं आयुष्यभर लेकरं कशी पाहावी तसली?"

परतताना आईच्या हट्टानं राजूरच्या गणपतीला थांबलो. दुपारची वेळ, फरशी तापलेली. अनवाणी माणसं चटके लागून उड्या मारत सावली गाठत होती. दादा एकटा सावकाश, संथ चालला होता. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "काय भक्ती हाय लेकराची!" दादा मला म्हणाला, "बघ. मला बी कुणीतरी पास केलं." आम्ही दोघं खूप हसलो. आई गाभाऱ्यातून येईपर्यंत आमचं हसणं संपलेलं होतं.

तशी आणखी काही स्थळं झाली. सगळीकडे तोच प्रश्न.

आणि मग मामा आला. आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडे एक रीत आहे, जी तुम्हालाही माहीत असेल. मामाच्या पोरीवर पहिला हक्क बहिणीच्या पोराचा. बाहेरचं स्थळ आलं तर मामानं आधी बहिणीच्या दारात येऊन विचारायचं. बहीण 'सोडली' म्हणाली तरच पोरगी मोकळी. मामानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अक्का, पोरीला एक स्थळ आलंय, मंठ्याकडचं. पोरगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत हाय. पण तुला इचारल्याबिगर मी सुपारी कशी फोडू?"

आईनं पदरानं हात पुसले. "इचारायचं काय त्यात? पोरगी माझीच हाय."

मामा क्षणभर टोपीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बराबर हाय. पहिला हक तुझा." त्याला आनंद झाला की नाही ते मला ओळखता आलं नाही. आईला झाला होता. बाहेरच्यांनी तिच्या पोराला परत परत नाकारलं होतं, आणि शेवटी तिचं माहेर उपयोगी आलं होतं. चहा झाल्यावर ती मला म्हणाली, "परकी पोरगी ह्याच्या हाताला नाक मुरडंल. घरातली समजून घेईल. बोभाटा न्हाई, काही न्हाई." त्या संध्याकाळी दादानं नवा शर्ट घातला.

मामाची मुलगी परतूरला कॉलेजात जायची. मी तिला स्टँडवर गाठलं. माझ्यापेक्षा लहान, पण तोंडानं माझ्यापेक्षा तिखट.

"तुझ्या भावाची मला किळस न्हाई, ताई," ती म्हणाली. "लहानपणी त्याच्या टाचंला व्हॅसलीन मीच लावून देत होते. पण मला कुणी इचारलं का? आत्या म्हणली माझी हाय, बाप म्हणला तुझीच हाय. मी काय दावणीला हाय?"

"मग तू बोल ना."

"बोलले. तर बाप म्हणला, कॉलेजाला धाडल्याचा खर्चा वाया गेला." तिनं बस येतेय का बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् पोरं झाली तर ताई? त्यांचे पाय मीच खरडायचे ना, दर रविवारी?"

तोच प्रश्न, भोकरदनच्या बापाचा. या वेळी तो विचारणारी आमच्याच घरातली होती, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती. त्या आठवड्यात मी दादाला आणि आईला घेऊन नवीन जालन्यात एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. अण्णा आले नाहीत, सोयाबीनचं मळणीयंत्र त्याच दिवशी मिळणार होतं. याआधीचे डॉक्टर हात बघून मलम लिहून द्यायचे. या बाईंनी हात बघितले आणि आईला विचारलं, "तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

"नात्यात कशाला? घरातच झालंय," आई अभिमानानं म्हणाली. "आत्याच्या पोरालाच दिली मला."

बाईंनी पेन ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण कुणीतरी हे साध्या शब्दांत सांगायला हवं होतं.

आपली कातडी रोज नवी होते आणि जुनी गळून जाते. किती वाढायचं आणि कुठे थांबायचं याच्या सूचना शरीरात लिहिलेल्या असतात, त्यांना जनुकं म्हणतात. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तळहात-तळपाय जाड होण्याच्या या आजाराचे बरेच प्रकार आहेत. काहींत एकच बिघडलेली प्रत पुरते. तिथे आई किंवा बाप यांचेही हात तसेच असतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उघड दिसत येतो. दुसऱ्या प्रकारात एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. माणूस ठणठणीत असतो, आणि त्याला आयुष्यभर कळत नाही की आपल्याजवळ हे आहे. अशी माणसं जगात सगळीकडे आहेत. प्रत्येकाजवळ कसली ना कसली बिघडलेली प्रत असते. पण एकाच सूचनेची बिघडलेली प्रत असलेले दोघं नवरा-बायको झाले, तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. परक्या दोघांत असं जुळणं फार दुर्मीळ. एका आजोबाच्या नातवंडांत ते दुर्मीळ राहत नाही, कारण दोघांकडेही ती त्याच माणसाकडून येऊ शकते.

"कुणी एक पणजोबा असेल, किंवा पणजी," बाई म्हणाल्या. "त्यांचेही हात चांगलेच असतील. एक प्रत मुलीकडून तुमच्या मिस्टरांकडे गेली, एक मुलाकडून तुमच्याकडे आली. आणि तुमच्या या मुलात दोन्ही भेटल्या."

आई तिच्या स्वच्छ तळहातांकडे बघत होती. "म्हंजे माझ्यामुळं?"

"अर्धं तुमच्याकडून, अर्धं तुमच्या मिस्टरांकडून. दोष कुणाचाच नाही. तुम्हाला कळायचा मार्गच नव्हता."

"आन् कात?"

"कसली कात?"

आई रडायला लागली. बाईंना वाटलं त्यांच्या बोलण्यानं. मला माहीत होतं की ती त्या बांधावरून आत्ता खाली उतरत होती.

दादानं घसा साफ केला. "मॅडम, मामाच्या पोरीसंगं माझं ठरून राह्यलंय."

बाईंनी जपून सांगितलं. तुमच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, तेव्हा एक मुलाला जाणारच. मामांकडे ती असण्याची शक्यता निम्मी, त्यांच्या मुलीकडे त्याच्या निम्मी. तिच्याकडे असेल, तर तुमच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. नसेल तर भीती नाही. आधी तुमचं रक्त पाठवू, नेमका बिघाड सापडला की तिची तपासणी सोपी.

"आन् बाहेरची केली तर?"

"नात्यातली नसेल तर मुलांना हा आजार होण्याची शक्यता फारच कमी."

दादा हसला. रेशनच्या रांगेत हसायचा तसं नाही. "मॅडम, भोकरदनपासून सगळ्यांनी मला लेकरांच्या भ्यानं परत पाठवलं. आन् त्यांच्यातच लेकरं चांगली झाली असती?"

बाई रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहू लागल्या. मला मात्र तिथेच टेबलावर हात आपटावासा वाटला. ज्या घरांत धोका नव्हता तिथे त्याला मुलगी मिळत नव्हती. जिथे धोका होता तिथे मुलगी तयार ठेवलेली होती, आणि तीही त्याच्यावरच्या मायेपोटी. ज्या रोगाला लपवायला आम्ही घरातल्या घरात लग्नं करतो, तो रोग घरातल्या लग्नांवरच पोसला जातो. हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. पारावर भांडणाऱ्या माणसानंही नाही.

दादाच्या रक्ताचा अहवाल आला. दोन्ही प्रतींत बिघाड, आणि तोही एकाच जागी, अगदी सारखा. एकच चूक दोन वाटांनी आमच्या घरी आली होती.

मला वाटलं आता सोपं आहे. मुलीचं रक्त तपासायचं, आणि मग तिला विचारायचं. आम्ही चौघं मामाच्या गावी गेलो. अंगणात बाजा टाकल्या होत्या, मामी चहा ठेवायला आत गेली. मी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं. मामानं शेवटपर्यंत ऐकलं.

"रक्त? माझ्या पोरीचं?" तो म्हणाला. "तिला काय झालंय?"

"काही झालं नाही मामा, म्हणूनच तर तपासायचं—"

"तू थांब. अक्का, तुझं पोरगं मी डोळे झाकून करून घेऊन राह्यलो. हात बघितले न्हाईत, पाय बघितले न्हाईत. आन् तू माझ्या पोरीत खोट काढून राह्यली? मंठ्याच्या पाव्हण्याच्या कानावर गेलं की पोरीचं रक्त तपासायला नेलं, तर कोण करंल तिला उद्या?" मग तो अण्णांकडे वळला. "दाजी, तुम्ही बोला. तुम्ही तर लोकाला शिकवता."

मी अण्णांकडे बघितलं. माझी खात्री होती. त्यांचा तो पारावरचा आवाज आत्ता निघणार होता.

अण्णा बाजेची सुतळी उकलत होते. "पिढ्या गेल्या ह्यात," ते म्हणाले. "एकालाच झालं ना. एकाला झालं म्हणून सगळ्यांना होईलच असं कुठंय? देवदयेनं—" आणि ते थांबले.

देवदयेनं. मी आयुष्यात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ग्रहणाशी, सापाशी, बुवांशी लढलेला माणूस त्या अंगणात स्वतःच्या लग्नापाशी येऊन थांबला. डॉक्टरबाईंनी त्यांना दोष दिला नव्हता, पण ते तिथे नव्हते ना. मी सांगितलं होतं, आणि माझ्या तोंडून ते पत्रकासारखं निघालं असेल.

दारातून मामाची मुलगी म्हणाली, "घ्या की रक्त. माझं हाय. मी देते."

"आत जा," मामा म्हणाला.

ती गेली नाही. दादानं तिच्याकडे बघितलं, माझ्या आठवणीत तेवढंच एकदा सरळ. मग तो उठला. "मामा, रक्त बिक्त राहू दे. मलाच करायचं न्हाई हिच्यासंगं."

"तू कोण म्हणणारा? हक तुझ्या मायचा हाय. ती म्हणू दे."

मग सगळ्यांची नजर आईवर आली. आता एक शब्द, आणि तो शब्द म्हणजे तिच्या पोराच्या हातातलं एकमेव लग्न. ती पोरीजवळ गेली. तिचे दोन्ही हात उलटे करून तळवे बघितले, मऊ, रेघांनी भरलेले, जणू तिथे काही दिसणार होतं. काही दिसणार नव्हतं. हेच तर डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

"दे रे हिला कुठंबी," आई म्हणाली. "मी सोडली."

"माझ्याच दारात येऊन नाकारली, अक्का," मामा म्हणाला. चहा आला होता. कुणी घेतला नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला आईनं ओवाळणीचं ताट तयार करून ठेवलं होतं. मामा आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही. मंठ्याचं स्थळही मोडलं. सख्ख्या आत्यानं सोडली म्हणजे पोरीतच काही असेल, असं त्यांनी धरलं. पुढे तिला दूर, अगदी परक्या घरात दिली. आम्हाला बोलावणं नव्हतं. आईचं माहेर असं एका शब्दात संपलं, आणि ती त्याबद्दल कुणालाच दोष देत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

मी या सगळ्यावर एक पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि अण्णांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"यात आपलं घर दिसून राह्यलंय," ते म्हणाले.

"नाव नाही घातलं कुणाचं."

"नाव नसलं तरी हात दिसतेत."

बाजारात ते माझ्यासोबत आले नाहीत. मी एकटी गेले. लोकांनी कागद घेतला, वाचला, आणि एकानं विचारलं, "मंग मामाच्या पोरीनं कुठं जावं, चंद्रावर?" हशा झाला. अर्धा गठ्ठा परत आला.

मागच्या वर्षी मामाच्या मुलीचा फोन आला. सासरहून, दबक्या आवाजात. "ताई, पोरगी झाली. सात महिन्याची हाय. हात मऊ हायत. दादाला सांग." आणि फोन ठेवला.

मी फाट्यावर गेले. दादा एक ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधत होता. मी सांगितलं. तो "बरं झालं" म्हणाला. भोक केव्हाच सापडलं होतं, बुडबुडे एकसारखे वर येत होते, तरी त्यानं हात पाण्यातून काढला नाही. पाण्यात जास्त वेळ राहिलं की त्याची कातडी फुटते. त्याला ते माहीत आहे.

रविवारी आई अजून ब्लेड घेऊन बसते. तिची नजर अधू झाली आहे, म्हणून टाचा आता मी करते. खाली माझंच पत्रक असतं.

म्हणून हे तुमच्याकडे घेऊन आले आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोजून झालं असेल. पुढचं स्थळ 'घरातलंच आहे' असं तुमच्या अंगणात कुणी म्हणालं, तर सुपारी फुटायच्या आधी दोघांना घेऊन डॉक्टरकडे जा आणि आपलं नातं त्यांना खरं सांगा. आणि कधी लांबच्या गावचा एखादा पोरगा तुमच्या बैठकीत तळहात वर करून बसला, तर लेकरांच्या भीतीनं त्याला उठवू नका. त्याला चहा द्या. डॉक्टरला विचारा. मग तुमच्या पोरीला विचारा.

वाटूर फाट्यावर तो अजून आहे.